धाकटीनं उघडलेला टॉवेल

मानाचा टॉवेल कुणी उघडत नाही. आमच्याकडं साखरपुडा असो, लग्न असो की नव्या घराची वास्तुशांत असो, पुरुषमाणसांना टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन मान करतात. घेणारा टोपी घटकाभर डोक्यावर ठेवतो, टॉवेल खांद्यावर घेतो, फोटो निघतो आणि मग सगळं पिशवीत जातं. पिशवीतून कपाटात आणि कपाटातून पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर. अंग पुसायला तो कुणी वापरत नाही. घडीसुद्धा मोडत नाही. समोरच्यानं काय दिलं हे उघडून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याची पारख करणं, असं आमच्यात मानतात.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर आहे. मागावरून उतरलेला माल आमच्याकडं येतो. बायका तो टेबलावर पसरून तपासतात. धागा सुटलेला, तेलाचा डाग पडलेला, काठ वाकडा गेलेला टॉवेल बाजूला काढायचा. त्याला सेकंड म्हणतात आणि तो सेकंड म्हणूनच विकायचा असतो. पण मधल्या काळात धंदा पडला तेव्हा मालकांनी सांगितलं, सेकंडातला बरा माल निवडा आणि मानाचे गठ्ठे बांधा. त्या गठ्ठ्याची घडी वेगळी असते. दोष आत जातो, चांगला काठ वर येतो, वरून कागदी पट्टी आणि पारदर्शक पिशवी. ती घडी बायकांना मी शिकवली. घरीही एकदा हौसेनं करून दाखवली होती. दुकानदाराला हे ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं. आणि कुणी उघडतच नाही, तर कुणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगत आलो. मालकांचं नाव मी इथं लिहीत नाही. उद्या सकाळी मला तिथंच कामाला जायचंय.

मला दोन मुली. थोरली एका खासगी शाळेत शिकवते. बोलणं मोजकं. धाकटी कॉलेजात आहे आणि तिचं बोलणं थांबत नाही. ती वाईट मुलगी नाही, हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल.

धाकटीच्या हातात फोन नव्हता असा काळ आठवायचा तर मला तिच्या दहावीच्या मागं जावं लागतं. जेवताना फोन तांब्याला टेकवलेला असायचा. उजव्या हातानं भाकरी मोडायची, डाव्या अंगठ्यानं पडदा वर सरकवायचा. अंघोळीला जाताना तो न्हाणीघराच्या खिडकीत. चार्जिंग संपत आलं की तिचा जीव अर्धा व्हायचा. तिची आई म्हणायची, "त्याला पण एक भाकरी टाकू का गं? सकाळपासून उपाशी आहे बिचारा."

"त्याला चार्जिंग लागतं आई, भाकरी नको."

"मग तुला पण तेच लावते. पिठाचा खर्च तरी वाचंल."

आम्ही हसायचो. मीसुद्धा. मी ओरडायचो तेही आतून नसायचं, कारण धाकटी जे व्हिडिओ करायची ते मला आवडायचे. ती सोलापुरी बोलीत लोकांच्या नकला करायची. भाजीवालीशी भांडणारी बाई, 'कुटं जायचं बे' म्हणणारा रिक्षावाला, लग्नात ताट वाढताना माणसं निवडणारी काकू. तिनं माझ्या बहिणीची नक्कल केली तेव्हा बहिणीनं काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी बहिणीलाच म्हणालो, "गंमत आहे, मनाला काय लावून घेतीस?" कारखान्यात मागावरची पोरं मला थांबवून म्हणायची, "सायेब, काल तुमच्या पोरीनं लई हसवलं." त्या दिवशी माझी सायकल घराकडं हलकी चालायची. व्हिडिओसाठीचा गोल दिवा मीच आणून दिला. सकाळी उठल्यावर मी देवाआधी माझ्या फोनवर बघायचो की रात्रीत किती लोकांनी तिला पाहिलं. तिला फोनचं वेड होतं, असं मी चारचौघांत म्हणतो. मला तिच्या फोनचं वेड होतं, हे कधी म्हणालो नाही.

गेल्या वर्षी थोरलीचं जमलं. मुलगा सोलापुरातच नोकरीला, घर सांगोल्याचं. डाळिंबाची बाग, साधी माणसं. मुलाचे वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळं घरातला शब्द चुलत्यांचा. थोरलीला मुलगा मनापासून आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण शाळेतून येताना तिचा चेहरा बघून कळायचं. आधीची दोन ठिकाणं ऐन वेळी मोडली होती, म्हणून हे टिकावं यासाठी आम्ही नवराबायको जीव मुठीत धरून होतो.

साखरपुडा सात रस्त्याजवळच्या एका लहान हॉलमध्ये झाला. मान करताना चुलत्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल दोन्ही हातांनी माझ्या खांद्यावर घातला आणि माझे हात धरून म्हणाले, "पावनं, मी सोता बाजारात जाऊन आणलंय सगळं. काय कमी पडलं आसंल तर पोटात घाला." मला त्यांचे हात आठवतात. खरबरीत, गरम.

पंगत बसली. मी मठ्ठा वाढत होतो. हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यातून पोरापोरींचा मोठा हशा ऐकू आला. मला बरं वाटलं, दोन्हीकडची पोरं मिसळली म्हणून.

तिथं काय झालं ते मी नंतर इतक्या वेळा पाहिलंय की मला पाठ आहे. धाकटी लाइव्ह होती. माझी पिशवी तिच्याकडं ठेवायला दिली होती. तिनं त्यातून टॉवेल काढला आणि म्हणाली, "मंडळी, सोलापुरात राहता, टॉवेलच्या गावात! मानाचा टॉवेल कधी उघडून बघितलाय का? खरं सांगा!"

मागून तिची आतेबहीण म्हणाली, "नको बे, ठेव आत."

"अगं, माझ्याच अप्पांना दिलाय की!"

तिनं पट्टी काढली आणि टॉवेल झटकून उघडला. मधोमध, घडीच्या आतल्या बाजूला, धागे सुटून बोट जाईल एवढं भोक पडलेलं. ती क्षणभर गप्प झाली. व्हिडिओत तो क्षण स्पष्ट दिसतो. तिथं ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं मला एकदा समजावलं होतं, "लाइव्ह असताना गप्प बसलं की माणसं निघून जातात, अप्पा." समोर आकडा चढत असतो, पुढचं वाक्य यावंच लागतं, आणि जे पहिलं तोंडात येतं तेच बाहेर पडतं. तिनं उलगडलेल्या घड्यांकडं पाहिलं, पट्टीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई, हा तर आमचाच की! ही घडी आमच्या अप्पांची! सेकंडचा माल!" भोकातून बोट घालून तिनं ते कॅमेऱ्यासमोर हलवलं. "मान सांगोल्याचा, माल सोलापूरचा आणि घडी अप्पांची! फिरून फिरून घरी आला बघा!"

सगळे फिदीफिदी हसतात. मागं नवरा मुलगा दिसतो, तोंडावर हात धरून तोही हसतोय. त्याच्या शेजारी थोरली आहे. ती हसत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर धाकटी माझ्याजवळ आली. लाइव्हचा तुकडा तिनं वेगळा टाकला होता आणि तो भराभर पसरत होता. ती जरा घाबरलेली होती. म्हणाली, "अप्पा, अक्का बोलत नाहीये माझ्याशी. काढू का हा?"

मी तो व्हिडिओ तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो. मला टॉवेल दिसला, घडी दिसली. ती माझीच होती. पण खाली लोक हसत होते, 'एक नंबर' म्हणत होते, 'अप्पांना नमस्कार सांगा' म्हणत होते. मला नमस्कार सांगणारी इतकी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. मी म्हणालो, "राहू दे की. हसायलेत लोक."

पोरीला शंका आली होती. तिच्या शंकेवर मी हात ठेवला आणि ती दाबली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. "बसा," म्हणाले. "पोरगी हुशार आहे तुमची. घडी ओळखली."

मी उभाच राहिलो.

"दुकानदारांचे फोन यायलेत. गिऱ्हाईक दुकानात घड्या मोडून बघायलंय म्हणे. गठ्ठे परत पाठवतो म्हणतात." त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "घडी अप्पांची, असं म्हणाली ना ती? मग अप्पांनीच मिटवायचं. मी काय तुम्हाला काढत नाही. पण टॉवेल चांगलाच होता, आणि आपल्या मालाशी त्याचा संबंध नाही, हे तिनं त्याच तोंडानं सांगायला पाहिजे."

तो चहा मी प्यायलो. का प्यायलो, कळत नाही.

दुपारी सांगोल्याहून फोन आला. चुलते होते. मी नमस्कार म्हणालो, त्यांनी नमस्कार घेतला नाही. "पावनं, आमी फाटका मान घातला व्हय तुमच्या खांद्यावर?"

"तसं नाही हो, पोरीनं..."

"गावातली पोरं टॉवेलात बोट घालून दावत्यात मला. चावडीपुढनं जाता येईना. मी काय बघून आणलं न्हाय, माझी चूक. पर पाच माणसांत उघडून दावायचं? आमच्यात आसं करत न्हाईत, तुमच्यात करत्यात काय?"

"आमच्यातही करत नाहीत."

"मग तिला सांगू द्या, टॉवेल बरा हुता म्हणून. तवर तारखेचं बोलू नका."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मालकांना आणि चुलत्यांना एकच गोष्ट हवी आहे. दोघांची कारणं वेगळी, पण दोघांना टॉवेल चांगलाच होता असं हवंय. आणि तो चांगला नव्हता. तो सेकंड होता, माझ्याच टेबलावरून गेलेला, हे जगात सगळ्यांत पक्कं कुणाला ठाऊक असेल तर मला.

हल्ली सगळीकडं माफीचे व्हिडिओ दिसतात. पोरं काहीतरी बोलून जातात, मग हात जोडून उभी राहतात. मला ते बघताना वाटायचं, बरं झालं, जिरली. आता मी तसाच एक व्हिडिओ घरात करून घ्यायला बसलो. काय बोलायचं ते मीच ठरवलं. गंमत करताना माझ्या हातून टॉवेल ओढला गेला आणि फाटला. टॉवेल चांगला होता. माझ्या वडिलांच्या कारखान्याशी त्याचा काही संबंध नाही. सांगोल्याच्या पाहुण्यांची मी माफी मागते.

धाकटीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माफी मागते मी, अप्पा. उघडायला नको होता. अक्काच्या दिवशी, पाहुण्यांच्या समोर तोंड सोडलं, ते चुकलंच. पाया पडून सांगते. पण फाडला नाही मी."

"एवढं एक वाक्य आहे गं."

"तेच वाक्य खोटं आहे की. तुम्हाला ठाऊक आहे."

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती. थोरली आत कणीक मळत होती. ती मळता मळता थांबली, हे आवाज बंद झाल्यावरून कळलं. मी म्हणालो, "तुझ्या अक्काचं लग्न मोडायचंय का तुला?"

हे वाक्य मी वापरलं. मालकांची भीती होती ती मी थोरलीच्या लग्नाआड लपवली. दोन्ही भीती खऱ्या होत्या, पण पोरीपुढं मी एकच ठेवली, कारण तिला ती नाकारता येणार नव्हती.

रविवारची दुपार होती. धाकटीनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. जिला कधी दुसऱ्यांदा बोलावं लागत नसे, तिला ते वाक्य येईना. 'माझ्या हातून' म्हणायची आणि थांबायची. पुसायचं, परत सुरू करायचं. मी समोर बसून पुढचा शब्द सांगत होतो, लहानपणी पाढे म्हणून घ्यायचो तसा. एकदा ती मध्येच थांबून म्हणाली, "अप्पा, तोंड अंधारात येतंय. खिडकीकडं वळू का?" सवयीनंच म्हणाली. मी म्हणालो, वळ. मग मी उठून पडदा बाजूला केला. खोटं बोलताना तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून.

शेवटी ते सलग झालं. तिनं फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही टाका."

"मला कुठं येतं?"

"येतंय तुम्हाला. इथं दाबा."

मी दाबलं.

मला वाटलं होतं, एक दिवस बोलतील आणि विसरतील. पण ज्यांना ती आवडत होती तेच उलटले. खोटारडी म्हणाले. चार लोकांनी बघावं म्हणून बापाच्या कारखान्याची अब्रू घालवली म्हणाले. एकानं लिहिलं होतं, बापाकडं बघून वाईट वाटतं. माझ्याबद्दल वाईट वाटणारी ती माणसं मी पाहत बसलो. कॉलेजात पोरं तिच्या वाटेत रुमाल फाडून दाखवायची.

ती ते सगळं वाचायची. प्रत्येक शब्द. जेवण समोर तसंच, आणि अंगठा वर वर सरकतोय. मी फोन काढून घेतला. पहिल्या दिवशी ती भांडली, दुसऱ्या दिवशी विनवलं, "वाचत नाही, नुसता जवळ ठेवते, अप्पा. हातात काही नसलं की कसंतरी होतं." मी दिला नाही. बापानं कडक व्हावं लागतं, असं बायकोला सांगितलं. मग तो फोन खिशात घालून कारखान्यात गेलो आणि फोल्डिंगच्या टेबलाआड उभं राहून, तिला वाचू न दिलेलं सगळं मी वाचलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. बायका हाका मारत होत्या, माल उतरत होता, आणि मी अंगठा वर सरकवत होतो. संध्याकाळी फोन तिला परत दिला. निदान तो कुणाचा आहे हे तरी खरं राहावं.

सांगोल्याहून फोन आला तो आठवडाअखेर. चुलत्यांचा आवाज मोकळा होता. "झालं गेलं, पावनं. पोर हाय. आमच्या गावात बी सगळ्यांनी बघितला. तारीख काढा तुमी." मी बायकोला सांगितलं, तिनं देवापुढं साखर ठेवली. थोरलीनं ऐकलं आणि आत गेली.

पुढच्या रविवारी नवरा मुलगा घरी आला. थोरलीनंच बोलावलं होतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, चहा हातात तसाच. म्हणाला, "मामा, एक विचारू? धाकटीला तसं का बोलायला लावलंत?"

मी म्हणालो, "तुमच्या काकांसाठी. तुमच्या दोघांसाठी."

"पण मी तिथंच होतो की. मी बघितलाय टॉवेल. हसलो पण होतो." तो ओशाळला. "आणि काकांनी घरी जाऊन उरलेल्या सगळ्या टॉवेलांच्या घड्या मोडून बघितल्या. त्यांना ठाऊक आहे. ते रागावले होते, पण चार दिवस बोलले नसते आणि मग बोलले असते. लग्न मोडणारा माणूस नाही तो."

रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. मग थोरली म्हणाली, "अप्पा, काकांना फोन लावा. टॉवेल सेकंडच होता, आमच्याच कारखान्यातला होता, असं तुमच्या तोंडानं सांगा. आणि तो व्हिडिओ काढा. लग्नाचं काय व्हायचं ते होऊ दे."

जे ठिकाण टिकावं म्हणून मी हे सगळं केलं, ते ती माझ्यापुढं तळहातावर ठेवून देत होती.

मी फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. चुलत्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "ठाव हाय की मला. माझं काय डोळं गेल्यात व्हय?"

"मग तो माफीचा व्हिडिओ काढून टाकतो म्हणतोय आम्ही."

"आं? कशापायी? आता मिटलंय की!" त्यांचा आवाज पहिल्यांदा घाबरल्यासारखा झाला. "पावनं, उकरू नका. आता तो काढला तर गाव म्हनंल, बघा, फाटकाच हुता. माझ्या पुतण्याच्या लग्नात मी कुठल्या तोंडानं फिरू? तुमची पोर लहान हाय, तिचं लोक इसरतील. माझं न्हाय इसरणार. तेवढं राहू द्या. हात जोडतो."

ते खरंच हात जोडत असणार. फोन धरलेल्या हातानं कसे जोडतात कुणास ठाऊक.

मी फोन ठेवला. आता काढला तर एका सरळ माणसाची त्याच्या गावात फजिती. ठेवला तर माझी पोर खोटारडी. आणि मालक होतेच, त्यांना तर मी हे विचारायलाही गेलो नव्हतो. थोरली धाकटीजवळ जाऊन बसली. "तू सांग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं. मी काकांशी नंतर बोलेन."

धाकटी फोनच्या कडेवर नख घासत होती. "असू दे अक्का," ती म्हणाली. "काका चांगले आहेत. मी उघडलाच होता की त्यांचा टॉवेल." मग नवऱ्या मुलाकडं बघून म्हणाली, "भावजी, चहा गार झाला. दुसरा टाकू का?"

त्यानंतर तिनं एकही व्हिडिओ केला नाही. फोन हातात असतो, अंगठा चालतो, पण ती बोलत नाही. पूर्वी तिची आई म्हणायची, जरा तोंड बंद ठेव गं. आता तीच काहीबाही विचारून तिला बोलतं करायला बघते आणि धाकटी हो-नाही म्हणून परत पडद्याकडं वळते. कारखान्यात मानाचे गठ्ठे थोडे दिवस थांबले होते, पुन्हा सुरू झालेत. घडी तीच आहे. नवीन आलेल्या बाईला ती शिकवायला मालकांनी मलाच सांगितलं आणि मी शिकवली. मुलीचं लग्न तोंडावर आहे, अशा वेळी नोकरी सोडता येत नाही, असं मी मनाशी म्हणतो. लग्न झाल्यावर काय म्हणेन, ते अजून ठरवलेलं नाही.

परवा बस्ता बांधायला गेलो होतो. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं एकत्र जातात, तसे सगळे होते. सांगोल्याहून चुलते आणि त्यांच्या घरातल्या बायका, इकडून आम्ही चौघं, आणि नवरा मुलगा. सात रस्त्याच्या बाजूचं मोठं दुकान. गादीवर सगळे बसलो. साड्या उलगडत होत्या. चुलत्यांनी थोरलीसाठी शालू निवडायला सांगितलं आणि ती हसली. किती दिवसांनी.

साड्या दाखवणारा पोरगा तरुण होता. तो धाकटीकडं पुन्हा पुन्हा बघत होता. मग त्याला आठवलं आणि तो एकदम खूश झाला. "ताई, तुम्ही त्या टॉवेलवाल्या ना? लाइव्ह करायच्या त्या?"

धाकटीनं मान हलवली.

"काय बे हसायचो आम्ही! मग खोटं कशाला बोललात? चांगला टॉवेल फाडलात की!" तो चेष्टेनं म्हणत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पलीकडच्या गादीवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "आता साड्या फाडू नका म्हणजे झालं!"

दुकानात कुणीतरी हसलं. चुलत्यांनी टोपी सारखी केली आणि माझ्याकडं पाहिलं. थोरलीनं शालूवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. लहान होतं. तिनं फाडला नाही, तो फाटकाच होता, घडी माझी होती. एवढंच. मी तोंड उघडलंसुद्धा. त्या पोराच्या हातात फोन होता. पलीकडच्या गादीवरही दोघांच्या हातात होते.

"हसवायला फाडला," धाकटी म्हणाली. "झाली चूक."

"चला, फुडच्या साड्या दावा की," चुलते घाईनं म्हणाले.

पोरानं पुढची साडी झटकून उलगडली. धाकटीनं आपला फोन गादीवर पालथा ठेवला होता. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, नुसती बघत होती. मी साडीचा काठ बोटांत धरला आणि धागा कुठं सुटलाय का ते तपासू लागलो.